मैहरचे बाबा : उस्ताद अल्लाउद्दीन खाँ



मुंबईहून इटारसी-जबलपूरमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या आगगाडीत आपण कधी बसलात, तर कटनी आणि सतना या दोन स्थानकांच्या दरम्यान मैहर नावाचे एक गाव लागेल. टेकडीवर शारदादेवीचे मंदिर आणि पायथ्याशी वसलेले हे छोटे गाव. इंग्रजी अमदानीत ते एका लहानशा संस्थानाची राजधानी होते. हिंदुस्थानच्या नकाशावर अशी संस्थाने शेकड्यांनी होती आणि त्यांपैकी बहुतेकांची नावेही आज कुणाला आठवत नाहीत. मैहरचे नाव मात्र अमेरिकेतील आणि युरोपातील संगीतप्रेमी माणसालाही ठाऊक आहे. ते कोणा राजामुळे नव्हे, तर बंगालच्या एका खेड्यातून पळून आलेल्या एका मुसलमान मुलामुळे. त्या मुलाचे नाव अल्लाउद्दीन.

पुढे सारे जग त्यांना उस्ताद अल्लाउद्दीन खाँ म्हणून ओळखू लागले. शिष्य आणि गावकरी त्यांना नुसते 'बाबा' म्हणत. रविशंकर, अली अकबर, अन्नपूर्णादेवी यांचे गुरू म्हणून त्यांची कीर्ती आपण ऐकलीच असेल. परंतु त्यांनी आपल्या हाताने घडविलेला पहिला शिष्यवर्ग निराळाच होता. साथीच्या रोगाने पोरकी झालेली, पाटी-पेन्सिलही न पाहिलेली खेड्यातली मुले हाच तो वर्ग. त्या मुलांची आणि त्यांच्या उस्तादाची कहाणी आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

घर सोडून निघालेला मुलगा

आज बांगलादेशात असलेल्या ब्राह्मणबाडिया भागातील शिबपूर हे अल्लाउद्दीन यांचे जन्मगाव. जन्मसालाविषयी दोन मते आहेत. परंपरेने १८६२ हे साल सांगितले जाते. काही अभ्यासक १८८१ धरतात. वडील सबदर हुसेन खाँ यांना लोक साधू खाँ म्हणत. ते सतार वाजवीत. थोरले बंधू आफताबुद्दीन बासरी आणि इतर वाद्ये वाजविण्यात निष्णात होते. घरात सुबत्ता नव्हती, पण सूर होते.

मुलाला शाळेत घातले तर त्याचे मन तिथे रमेना. गावात येणाऱ्या जात्रा मंडळ्यांची, म्हणजे फिरत्या नाटक मंडळ्यांची, त्याला ओढ लागली. अजून लहान असतानाच तो घरातून निघाला आणि मंडळीबरोबर गावोगाव फिरत अखेर कलकत्त्यास पोहोचला. एवढ्या मोठ्या शहरात ना ओळख, ना पाळख. जवळचे होते ते पैसे चोरीला गेले. रस्त्यावर झोपावे, अन्नछत्रात भिकाऱ्यांच्या पंगतीला बसून पोट भरावे आणि गाणे शिकविणारा कोणी भेटतो का ते पाहावे, असे त्याचे दिवस गेले.

आपल्याकडे मुलगा घर सोडून गेला की आपण त्याला वाया गेला म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, यातून पळून जाण्याचा धडा घेऊ नका. पळून गेल्यावर या मुलाने पुढची पंचवीस-तीस वर्षे कशी काढली, ते आधी पाहा.

पंचवीस-तीस वर्षांची तालीम

कलकत्त्यात त्याला नुलो गोपाल या नावाने प्रसिद्ध असलेले गवई गुरू म्हणून लाभले. त्यांची अट कडक होती. बारा वर्षे केवळ स्वरसाधना, सरगम आणि पलटे; राग नंतर. मुलाने ती अट मान्य केली. सात वर्षे झाली आणि गुरू प्लेगने दगावले. सात वर्षांची मेहनत हाती आणि पुढचा रस्ता बंद! अल्लाउद्दीन यांनी गाण्याचा नाद सोडला आणि ते वाद्यांकडे वळले. कान मात्र तयार झाला होता, आणि तो जन्मभर पुरला.

स्वामी विवेकानंदांचे नातलग अमृतलाल दत्त ऊर्फ हाबू दत्त हे कलकत्त्यात रंगभूमीसाठी वाद्यवृंद बसवीत. देशी आणि विलायती वाद्ये एकत्र कशी बसवायची, याचे पहिले धडे अल्लाउद्दीन यांना तिथे मिळाले. लोबो नावाचे एक गोव्याचे ख्रिस्ती बँडमास्तर त्या काळी कलकत्त्यात होते. त्यांच्याकडून अल्लाउद्दीन पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकले. हजारी उस्तादांकडून सनई घेतली. क्लॅरिनेट, कॉर्नेट, पखवाज, तबला, जे मिळेल ते शिकले. पोटासाठी ते नाटक कंपनीत वादकाची नोकरी करीत, आणि तिथे गिरीशचंद्र घोष यांच्यासारख्या नाटककाराच्या हाताखाली त्यांना काम करावयास मिळाले. एका मुसलमान मुलाने हिंदू गवयाकडे गळा तयार करावा, ख्रिस्ती मास्तराकडे व्हायोलिन शिकावे आणि सनईसाठी पुन्हा एखाद्या उस्तादाचे पाय धरावेत, यात त्या काळच्या लोकांना काही वावगे वाटत नव्हते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

एवढी वाद्ये येऊ लागल्यावर तरुण अल्लाउद्दीन यांना वाटू लागले, की आता आपणांस सारे काही येते. मग मुक्तागाछाचे जमीनदार जगतकिशोर आचार्य यांच्या दरबारी त्यांनी उस्ताद अहमद अली खाँ यांचा सरोद ऐकला आणि तो गर्व उतरला. शिकण्यासारखे खरे काही अजून पुढेच आहे, हे त्यांना कळले. ते अहमद अलींचे शागीर्द झाले. त्यांचे घरकाम केले, स्वयंपाक केला आणि सरोद शिकले. त्यांच्याच पाठोपाठ ते रामपूरला गेले.

रामपूर म्हणजे त्या काळचे संगीताचे विद्यापीठच. तिथे तानसेनाच्या वंशातील बीनकार उस्ताद वजीर खाँ होते. त्यांच्या दारात या परक्या बंगाली मुलाला प्रवेश कुठून मिळणार? असे सांगतात, की महिनोन् महिने खेटे घालूनही दाद लागेना, तेव्हा अल्लाउद्दीन यांनी रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांच्या गाडीपुढे स्वतःला झोकून दिले. नवाबांनी चौकशी केली, वादन ऐकले आणि वजीर खाँ यांच्याकडे शब्द टाकला. गंडा बांधला गेला. परंतु त्यानंतरही कित्येक महिने गुरूंनी काही शिकविले नाही. शागिर्दाने वाट पाहिली. इकडे शिबपूरला त्यांची पत्नी मदनमंजरी वर्षानुवर्षे त्यांची वाट पाहत होती. तिच्या हालांची वार्ता वजीर खाँ यांच्या कानी गेली, तेव्हा कुठे त्यांचे मन द्रवले आणि तालीम सुरू झाली. मग मात्र ध्रुपद अंग, रबाब आणि सूरसिंगार यांची विद्या त्यांनी हातचे न राखता दिली.

पालकहो, या विद्येची किंमत एकट्या अल्लाउद्दीन यांनी मोजली नाही, ती घरी बसलेल्या त्या बाईनेही मोजली. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशा बायकांना एखादीच ओळ मिळते. अल्लाउद्दीन यांनी पुढे स्वतः निर्माण केलेल्या एका रागाला 'मदनमंजरी' हे नाव दिले, ही त्यांनी त्या ऋणाची दिलेली पावती समजावी.

पोरक्या मुलांचा बँड

१९१८ च्या सुमारास मैहरचे राजे ब्रिजनाथसिंह यांनी अल्लाउद्दीन यांना आपल्या दरबारी बोलावून घेतले. राजेसाहेब स्वतःही त्यांचे शिष्य झाले. त्याच वर्षी हिंदुस्थानभर इन्फ्लुएंझाच्या साथीने थैमान घातले. एक कोटीहून अधिक माणसे त्या साथीत गेली, असा अंदाज आहे. मैहरच्या खेड्यापाड्यांतही साथीच्या आजाराने घरेच्या घरे ओस पडली. आईबापांवाचून उरलेली मुले रस्त्यावर आली.

अशा मुलांचे काय करावयाचे? सर्वसाधारणपणे दोन उपाय सुचतात. खायला घालावे, नाहीतर कुणाच्या घरी कामाला ठेवावे. बाबांनी राजेसाहेबांच्या आश्रयाने तिसरा उपाय केला. त्यांनी या मुलामुलींना गोळा केले, त्यांच्या जेवणाखाणाची सोय लावली आणि प्रत्येकाच्या हाती एक वाद्य दिले. हाच तो मैहर बँड.

ही मुले वेगवेगळ्या जातीधर्मांची होती. त्यांना अक्षरओळख नव्हती, मग स्वरलिपी कुठून येणार? त्यामुळे सारी तालीम तोंडी झाली. बाबांनी गावे, मुलांनी गावे. गळ्यात बसले की वाद्यावर काढावे. एकेक गत शेकडो वेळा घोटून घ्यावयाची. कोणत्या मुलाची बोटे तारेवर चालतात, कुणाचा दम फुंकीच्या वाद्याला पुरेल, कुणाचा हात लयीत पक्का आहे, हे बाबांनी पारखले. कलकत्त्यात दारोदार फिरून शिकलेली सारी वाद्ये इथे उपयोगी पडली. लोबो मास्तरांनी दिलेले व्हायोलिन, हाबू दत्तांच्या वाद्यवृंदाची शिस्त, रामपूरचे ध्रुपद अंग, हे सगळे मैहरच्या त्या पोरांच्या पदरात पडले.

बँडमधील वाद्यांची नुसती यादी ऐकली तरी गंमत वाटते. सरोद, सतार, इसराज, तबला आणि ढोलक यांच्या शेजारी व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, हार्मोनियम आणि पियानो. त्यांत भर म्हणून बाबांनी स्वतः बनवून घेतलेली वाद्ये. सतार आणि बँजो यांचा संयोग करून केलेला सतार-बँजो हे त्यांपैकी एक. आणि सर्वांत नवलाचे म्हणजे नलतरंग.

नलतरंग कशाचा केला होता, ठाऊक आहे? बंदुकीच्या नळ्यांचा! लोखंडी नळ्या निरनिराळ्या लांबीच्या कापल्या, घासून घासून प्रत्येकीचा स्वर नेमका जुळविला, ओळीने आडव्या मांडल्या आणि दोन काठ्यांनी त्यांवर आघात केला. जलतरंगात पाण्याचे प्याले असतात, तशा इथे नळ्या. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी यातील एक गोष्ट लक्षात घ्यावी. सतारीची तार निम्म्या लांबीवर दाबली, की स्वर एक सप्तक चढतो. परंतु आघाताने वाजणाऱ्या नळीचा हिशेब निराळा असतो. तिची लांबी निम्मी केली, तर स्वर जवळजवळ दोन सप्तके चढतो. म्हणजे थोडीशी नळी जास्त कापली गेली, तरी स्वर बराच सरकणार, आणि कापलेले लोखंड पुन्हा जोडता येत नाही. बाबांनी भौतिकशास्त्राचे पुस्तक वाचलेले नव्हते. त्यांनी ते गणित कानाने सोडविले.

जी वस्तू माणसे मारण्यासाठी घडविली गेली, तिच्यातून पोरक्या मुलांनी राग वाजवावा, याहून चांगला उपयोग बंदुकीचा दुसरा कोणता होणार?

आपले संगीत हे मुख्यतः एकट्याने गाण्या-वाजविण्याचे. कलावंत आपल्या मनाप्रमाणे राग फुलवीत जातो. अनेकांनी एकत्र वाजवायचे तर रचना आधी ठरवावी लागते. बाबांनी रागदारीतील गती बँडसाठी बांधल्या. काही ठिकाणी सर्व वाद्ये एकत्र येत, काही ठिकाणी वाद्यांचा एक गट थांबे आणि दुसरा पुढे सरके. रागाची शुद्धता मात्र ढळू द्यावयाची नाही, हा दंडक होता. त्याचबरोबर लोकसंगीताच्या चाली आणि पाश्चात्त्य वळणाच्या रचनाही त्यांनी बसविल्या. मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून ज्या अखिल भारतीय संगीत परिषदा भरत, त्यांतील लखनौच्या परिषदेत या बँडचे वादन झाले आणि मोठमोठ्या उस्ताद-पंडितांनी त्या मुलांना ऐकले. ज्यांना कुणी दारात उभे केले नसते, ती मुले आता जाणकारांच्या सभेत बसून वाजवीत होती.

जळालेला तंबोरा

आता या चरित्रातील एक दुःखाचा प्रसंग सांगितला पाहिजे, कारण तो विशेषतः आपणां पालकांसाठी आहे.

बाबांनी आपली थोरली मुलगी जहाँआरा हिला संगीत शिकविले होते. लग्न होऊन ती सासरी गेली. गाणे-बजावणे सासरच्यांना रुचले नाही आणि सासूने तिचा तंबोरा जाळून टाकला, असे सांगतात. मुलगी खचली आणि फार दिवस जगली नाही. बाबांनी मनाशी ठरविले, की यापुढे मुलीला संगीत शिकवायचे नाही. धाकट्या मुलीला, १९२७ मध्ये जन्मलेल्या रोशनआराला, त्यांनी शिक्षणापासून दूर ठेवले. राजेसाहेबांनी तिला अन्नपूर्णा हे नाव दिले होते.

विचार करा. पोरक्या मुलींच्या हाती वाद्य देणारा हा माणूस स्वतःच्या मुलीच्या बाबतीत भ्याला. त्याला दोष द्यावा असे आपणांस वाटेल. परंतु ज्याचे लेकरू गेले, त्याची भीती आपणांपैकी कितीजणांना ओळखीची आहे! मुलगी शिकली तर सासरी तिचे कसे होईल, ही काळजी आजही घराघरांत बोलली जाते.

एके दिवशी बाबा बाहेर गेले असता मुलगा अली अकबर रियाज करीत होता. तो चुकला. अंगणात खेळणाऱ्या अन्नपूर्णेने ती चूक ओळखली आणि योग्य ती जागा स्वतः गाऊन दाखविली. बाबा मागे येऊन केव्हा उभे राहिले, हे तिला कळलेच नाही. आता रागावणार, म्हणून ती घाबरली. बाबांनी मात्र तिला आत नेले आणि त्या दिवसापासून तिची तालीम सुरू केली. दार लावून घेतले, तरी विद्या भिंतीतून झिरपून तिच्यापर्यंत पोहोचली होती.

याच अन्नपूर्णादेवी पुढे सूरबहारच्या थोर वादक झाल्या. आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी मुंबईत काढला. मैफली सोडल्या, शिकविणे सोडले नाही. बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९७७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २०१८ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले.

कडक गुरू, साधा माणूस

बाबांचे शिकविणे फार कडक होते, हे लपविण्याचे कारण नाही. चुकीला क्षमा नसे, प्रसंगी मार बसे. अली अकबर यांच्याकडून दिवसाचे कित्येक तास रियाज करवून घेतला जाई. त्या जाचाला कंटाळून तरुणपणी तेही एकदा घरातून पळाले. ज्यांचा स्वतःचा बाप घर सोडून विद्येसाठी पळाला होता, तो मुलगा विद्येपासून पळाला! आजच्या शिक्षकांनी आणि आईवडिलांनी ती छडी उचलू नये. परंतु त्या छडीच्या मागे जी गोष्ट होती, ती जरूर उचलावी. जे बाबा शिष्यांकडून मागत, ते त्यांनी स्वतः आधी केलेले होते. म्हातारपणीही ते पहाटे उठत, नमाज पढत आणि रियाजाला बसत. सरोद ते डाव्या हाताने वाजवीत; उपजत सवय होती, ती त्यांनी कधी अडचण मानली नाही.

राहणी अगदी साधी होती. पाच वेळची नमाज चुकत नसे, आणि टेकडीवरच्या शारदेविषयीही त्यांच्या मनात आदर होता. मैहरच्या लोकांना यात विसंगती दिसली नाही. आपल्या घराला त्यांनी मदिना भवन हे नाव दिले.

१९३५-३६ मध्ये उदयशंकर यांच्या नृत्यपथकाबरोबर बाबा युरोपच्या दौऱ्यावर गेले. पथकात उदयशंकरांचा धाकटा भाऊ होता. ऐषारामात वाढलेला हा तरुण १९३८ मध्ये सारे सोडून मैहरला आला आणि बाबांपाशी राहून शिकला. तेच पंडित रविशंकर. तिमिरबरन, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी, शरनराणी असे कितीतरी शिष्य झाले. व्हायोलिनवादक पंडित वि. गो. जोग यांच्या रूपाने मराठी माणसालाही बाबांची तालीम लाभली. बंधू आयेत अली खाँ यांच्या साहाय्याने बाबांनी सरोदाच्या घडणीत सुधारणा केल्या, हेमंत, हेमबिहाग यांसारखे राग निर्माण केले. १९५५ मध्ये मैहरला संगीत महाविद्यालय सुरू झाले.

१९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान सरकारने त्यांना दिले. त्याच १९७१ च्या ऑगस्ट महिन्यात, बाबांच्या जन्मभूमीतून लक्षावधी निर्वासित भारतात येत असताना, न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या मदतीसाठी एक मोठा जलसा झाला. त्यात सतारीवर रविशंकर आणि सरोदावर अली अकबर खाँ होते. शिबपूरहून रिकाम्या हाताने निघालेल्या मुलाची विद्या शिबपूरच्या मुलखासाठी सातासमुद्रापलीकडे वाजत होती. पुढील वर्षी, ६ सप्टेंबर १९७२ रोजी, मैहर येथेच बाबा पैगंबरवासी झाले. मदिना भवनाच्या आवारात पती-पत्नीच्या कबरी आहेत.

आपण काय घ्यावे?

पहिल्या पिढीची ती पोरकी मुले आता राहिलेली नाहीत. त्यांनी पुढच्यांना शिकविले, त्या पुढच्यांनी आणखी पुढच्यांना. संस्थाने गेली, राजेसाहेबांचा आश्रय गेला, परंतु बँड चालू राहिला. मध्य प्रदेश सरकारच्या आधाराने मैहर वाद्यवृंद या नावाने तो वाजत आला आणि त्यात नलतरंगही वाजत आला.

विद्यार्थी मित्रांनो, आपणांपैकी कुणाला गणित कठीण जात असेल, कुणाला इंग्रजी. सात वर्षे केवळ सरगम करून गुरू गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करणाऱ्या त्या मुलाची आठवण ठेवा. विद्या कुठल्या जातीच्या, कुठल्या धर्माच्या माणसाकडून मिळते हे त्याने पाहिले नाही, आणि देतानाही पाहिले नाही.

आणि पालकहो, आपल्या मुलाचा कल पारखा. प्रत्येकाच्या हाती एकच वाद्य शोभत नाही. मुलीच्या हातचे पुस्तक, मग ते शाळेचे असो, हुनराचे असो वा कलेचे, लग्नाच्या भीतीने हिरावून घेऊ नका. तसेच, सून म्हणून आपल्या घरी येणारी मुलगी काही शिकून येत असेल, तर तिचा तंबोरा आपल्या चुलीत जाणार नाही, एवढी खबरदारी आपण प्रत्येकाने आपल्या घरापुरती घ्यावी.